बिजागरी कुणीही बनवली असती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यापीठात स्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तीस वर्षं मशीन डिझाइनमध्ये घालवलेल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतंत्रच लिहितो आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ही पदवी म्हणजे मेकॅनिकलच, वरून खेळाचा रंग दिलेला; चेंडू असो की पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं त्यातलं फिरतं चाक), न्यूटनचे नियम तेच. तंत्रज्ञानाने खेळ बिघडवला, आता पदकं बुटांना मिळतात. आणि सगळ्यात कळकळीने लिहिलेला मुद्दा असा, की तुमची बारावीतली भाची माझा लेख वाचून याच विषयाचा हट्ट धरून बसली आहे आणि मी मुलांना फक्त चकचकीत बाजू दाखवतो.

हा शेवटचा आरोप मला मान्य आहे. त्या लेखात मी विंड टनेलबद्दल, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्याबद्दल लिहिलं, हाय-स्पीड कॅमेऱ्यांबद्दल लिहिलं, खेळाडूच्या अंगावर खुणा चिकटवून हालचाल टिपणाऱ्या प्रयोगशाळेबद्दल लिहिलं. पहिल्या दोन वर्षांबद्दल जवळजवळ काहीच लिहिलं नाही. ती वर्षं कॅल्क्युलस, बलविज्ञान, पदार्थविज्ञान, द्रवगतिकी, प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्रात जातात. चेंडूला हातसुद्धा लागत नाही. खेळाची आवड आहे एवढ्याच भांडवलावर आलेली माझ्या वर्गातली काही मुलं पहिल्याच वर्षी सोडून गेली, आणि त्यांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. भाचीला हे जरूर वाचून दाखवा.

पण ‘मेकॅनिकलच आहे’ हे मला पटत नाही. त्याचं कारण सांगायला बर्फावरच्या स्पीड स्केटिंगचं उदाहरण घेतो.

जुन्या स्केटमध्ये लांब पातं बुटाच्या तळाला पुढेही आणि मागेही घट्ट बसवलेलं असायचं. रेटा देताना खेळाडूने घोटा ताणला, म्हणजे चवड्यावर जोर दिला, की पात्याचं टोक बर्फात रुतायचं आणि वेग मरायचा. म्हणून स्केटर वर्षानुवर्षं घोटा आवळून धरायलाच शिकायचे. गुडघा पूर्ण सरळ व्हायच्या आत पाय बर्फावरून सुटायचा आणि पोटरीच्या स्नायूंची ताकद जवळजवळ वापरलीच जायची नाही. ॲमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीतले गेरिट यान फान इंगेन स्खेनाउ आणि त्यांचे सहकारी माणूस उडी कशी मारतो याचा अभ्यास करत होते. उडीत आधी खुबा, मग गुडघा आणि शेवटी घोटा सरळ होतो असा क्रम लागतो, आणि स्केटिंगमध्ये शेवटची पायरी गायब आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून क्लॅप स्केट आला. पातं चवड्याखाली बिजागरीवर फिरतं, टाच मोकळी उचलली जाते आणि पातं बर्फावर टेकलेलंच राहतं. पाय उचलला की स्प्रिंग पात्याला ‘टक्’ करून जागेवर आणते. त्या आवाजावरूनच हे नाव पडलं.

ही बिजागरी तुमच्या शॉप फ्लोअरवर एका दुपारी तयार झाली असती. तिच्यात यंत्रशास्त्राचं काहीच अवघड नाही. अवघड होता तो प्रश्न, आणि तो पोटरीचा स्नायू नीट समजल्याशिवाय कुणाला पडलाच नसता. अव्वल खेळाडूंनी सुरुवातीला या स्केटकडे पाठच फिरवली. १९९६-९७ च्या हंगामात डच महिला स्केटरनी तो वापरला आणि चित्र पालटलं. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये जागतिक विक्रम एकामागून एक कोसळले.

तुमच्या इम्पेलरला भार दिला की तो भार घेतो. माणूस भार घेतो आणि स्वतः बदलतो. धावपटू मऊ पृष्ठभागावर आला की पाय आपोआप अधिक ताठ ठेवतो, कडक पृष्ठभागावर सैल सोडतो. हे मोजता येतं आणि ते त्याच्या नकळत घडतं. त्यामुळे बुटाचा तळ दुप्पट मऊ केला म्हणजे गुडघ्यावरचा धक्का निम्मा झाला, असं गणित मांडता येत नाही. बॅटचं वजन वाढवलं की टक्करीत संवेग वाढायला हवा, पण फलंदाजाचा हात त्याच क्षणी मंदावतो, आणि तोही वजनापेक्षा ते वजन मुठीपासून किती लांब आहे यावर. समीकरणातली एक राशी जिवंत आहे. न्यूटन तोच, हे अगदी खरं. सीमा-अटी, म्हणजे ज्या परिस्थितीत ते नियम लावायचे ती, मात्र रोज बदलतात.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प व्हीलचेअर शर्यतीच्या हातमोज्यांवर होता. या शर्यतीत खेळाडू चाकाची कडी धरत नाही, मूठ वळून तिच्यावर ठोसा मारतो आणि रेटतो. हातमोजा टणक लागतो, साच्यातून काढलेला. मी एका खेळाडूच्या हाताचं स्कॅनिंग केलं, ताणाचं विश्लेषण केलं, जिथे बळ येत नाही तिथलं साहित्य काढून टाकलं, आत मऊ अस्तर दिलं. जुन्या मोज्यापेक्षा हलका, संगणकावर देखणा. तिने तो घालून ट्रॅकवर चार फेऱ्या मारल्या आणि काढून माझ्या हातात दिला. दोन गोष्टी म्हणाली. पहिली, हात तापला की फुगतो आणि अंगठ्याच्या मुळाशी मोजा चावतो. दुसरी मी आजही विसरलेलो नाही: “मला आवाज ऐकू येत नाही.” कडीवर ठोसा नीट बसला की जो कोरडा आवाज येतो त्यावर ती आपली लय धरत होती, आणि माझ्या अस्तराने तो आवाज गिळून टाकला होता. माझ्या कुठल्याही आलेखात आवाजाचा रकाना नव्हता. तिचा हात मी थंड असताना, स्थिर असताना मोजला होता. पुढचे तीन महिने मी संगणकापेक्षा ट्रॅकच्या कडेला जास्त बसलो. त्या मोज्याच्या पाचव्या आवृत्तीत अस्तर होतं फक्त अंगठ्याच्या मुळाशी, आणि तो तिने ठेवून घेतला.

आता ‘तंत्रज्ञानाने खेळ बिघडवला’ याबद्दल. तुमची चिडचिड मला समजते. २००९ च्या रोममधल्या जागतिक जलतरण स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले आणि त्यांतले किती पोहणाऱ्यांचे, किती पॉलियुरेथेनच्या पोशाखांचे, हे कुणालाच नीट सांगता येईना. १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. पण बंदी घालायची तर कशावर, किती आणि का, हे ठरवणं हेसुद्धा याच विषयाचं काम आहे. माझ्या मते ते नवं उपकरण बनवण्यापेक्षा अवघड आहे.

भालाफेकीचंच बघा. जुलै १९८४ मध्ये पूर्व बर्लिनला उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला. मैदान अपुरं पडायची वेळ आली होती. शिवाय ते भाले तरंगत जाऊन आडवे पडायचे, त्यामुळे टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. उपाय काय केला? भाला जड केला नाही, खेळाडूंवर बंधनं घातली नाहीत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो मागे राहिला, त्यामुळे उडताना भाल्याचं टोक खाली वळू लागलं आणि तो जमिनीत रुतू लागला. नव्या भाल्याचा पहिला जागतिक विक्रम नोंदला गेला ८५.७४ मीटर. चार सेंटीमीटरने हे सगळं केलं. मग उत्पादकांनी भाल्याची शेपूट खरखरीत करून हरवलेलं अंतर परत मिळवायला सुरुवात केली. १९९१ मध्ये तेही बंद झालं आणि तसल्या भाल्यांनी केलेले विक्रम रद्द झाले. महिलांच्या भाल्यात असाच बदल १९९९ मध्ये आला. आज टीव्हीवर भाला टोकावर रुतताना दिसतो तो या निर्णयामुळे. खेळ वाचवणारी माणसंही इंजिनिअरच होती, हे तुमच्यासारख्या डिझायनरला मी वेगळं सांगायला नको.

नोकऱ्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. साहित्य बनवणाऱ्या कंपन्या, चाचणी प्रयोगशाळा, प्रशिक्षण केंद्रं, कृत्रिम अवयव, चेंडूचा माग काढणाऱ्या यंत्रणा, हेल्मेट आणि सुरक्षेची साधनं अशी क्षेत्रं आहेत, पण जागा मोजक्या आणि स्पर्धा फार. म्हणून भाचीला माझा सल्ला तुमच्या सल्ल्याच्या जवळ जाणाराच आहे: आधी मेकॅनिकलची भक्कम पदवी घ्यावी, त्यात जमेल तिथे बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र) निवडावं आणि मग पदव्युत्तर पातळीवर या विषयाकडे वळावं. विषय तसा तरुण आहे, आंतरराष्ट्रीय संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली. अभ्यासक्रम निवडताना नावावर जाऊ नये. माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या घ्यायला मिळतात का, त्यासाठीची नैतिक परवानगी कशी मागायची हे शिकवतात का, संख्याशास्त्र किती आहे, हे विचारावं.

आणि निर्णयाआधी तिला एक प्रयोग करू द्या. भिंतीवर २५४ सेंटीमीटरवर खूण करायची, तिथून टेनिसचा चेंडू कडक फरशीवर सोडायचा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उसळी मोजायची. स्पर्धेच्या नेहमीच्या चेंडूने काँक्रीटवर १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवं असा नियम आहे, म्हणजे टक्करीआधीच्या वेगाचा ०.७३ ते ०.७६ भाग परत मिळतो. मग चेंडू रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा. मग जुना, केस झडलेला चेंडू. प्रत्येकी वीस वेळा, आकडे न गाळता वहीत.

साठाव्या नोंदीपर्यंत तिला कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आणि मधेच थांबून तिने थंड चेंडू कमी का उसळतो, आतल्या हवेमुळे की रबरामुळे, आणि हे वेगळं कसं करून बघायचं असं विचारलं, तर ती वही मला पाठवा. मी एकेक नोंद वाचेन आणि जिथे चुकलं असेल तिथे खूण करून परत देईन.