साठा शिल्लक, पोरं घरी

एप्रिलचा शेवट म्हणजे आम्हा शिक्षकांसाठी पेपर तपासणं, निकालपत्रकं आणि पोषण आहाराचा हिशेब मिटवणं. पहिल्या दोन कामांवर व्हॉट्सॲपवर भरपूर विनोद फिरतात. तिसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून आज लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी नाशिकहून पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाते. सावळघाट, कोटंबी घाट असं रोजचं येणं-जाणं. शाळेत आहाराचं काम माझ्या गळ्यात. साठा नोंदवही, चव नोंदवही, आज किती मुलं जेवली ते पोर्टलवर भरणं, भाजीपाला आणि जळणाची बिलं. सुट्टी लागायच्या आत हे सगळं जुळवून मुख्याध्यापकांची सही घ्यायची. तांदळाची पोती मोजायची, मटकी, मूगडाळ, चवळी, तेल, मसाल्याची पाकिटं, सगळं वजन करून लिहायचं. उरलेल्या धान्यात लिंबाचा पाला घालायचा, पोत्यांची तोंडं शिवायची आणि खोलीला कुलूप. जूनमध्ये कुलूप काढावं तर कडधान्याला टोके लागलेले, तांदळात सोंडे फिरताहेत, आणि पाऊस लवकर आला असेल तर पोत्याच्या तळाला जाळी धरलेली. मग स्वयंपाकाच्या मावशी पहिले काही दिवस निवडत-पाखडत बसतात.

धान्य आत, पोरं बाहेर. हे कुलूप मी दरवर्षी लावते आणि मला ते दरवर्षी खटकतं.

आहार म्हणजे शाळेत पोरं यावीत म्हणून दाखवलेलं आमिष, असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. त्यांनी सोमवारी आमच्या शाळेत यावं. सकाळची शाळा असते, मधली सुट्टी साडेनऊच्या सुमाराला. शुक्रवारी तेवढ्याच पोरांना पुरून पातेल्यात थोडं उरतं, सोमवारी मात्र मावशींना पळीने तळ खरवडावा लागतो. पटावरची हजेरी तीच, तांदळाचं माप तेच. मधे सुट्टी फक्त रविवारची गेलेली असते. तिसरीतली एक मुलगी एप्रिलमध्ये दप्तरात स्टीलचा छोटा डबा आणायला लागली. स्वतःचं जेवून झालं की वाढीव घ्यायची, अर्धं ताटात ठेवायची आणि कुणाचं लक्ष नसताना डब्यात भरायची. घरी न्यायला परवानगी नाही, हे तिलाही माहीत आणि मलाही. मावशी तेवढ्यापुरत्या चुलीकडे तोंड करून उभ्या राहतात. मीही रजिस्टर उघडते.

एका रविवारी हे होतं. उन्हाळी सुट्टीत असे चाळीसेक दिवस सलग येतात.

कायदा काय म्हणतो ते पाहिलं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत रोज एक वेळचं जेवण मोफत मिळालं पाहिजे, पण शाळेच्या सुट्ट्या वगळून. म्हणजे हा हक्क मुलाचा असला तरी तो शाळेच्या कॅलेंडरला बांधलेला. अंगणवाडीचं तसं नाही. तिथे पूरक आहार वर्षाला ३०० दिवस द्यायचा असतो, मे महिना धरून. परिणाम असा की एकाच घरातला पाच वर्षांचा भाऊ मेमध्ये अंगणवाडीत जेवतो आणि सात वर्षांची बहीण त्याला दारापर्यंत सोडून परत येते. सहा वर्षं पूर्ण झाली की मे महिन्यातली भूक कमी होते, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

सुट्टीतल्या आहाराचा विचार कुणी केलाच नाही असंही नाही. शाळेतल्या आहाराची ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, माझ्या वयाच्या काहींना ती पिशवी आठवत असेल. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही आहार चालू ठेवा असं स्पष्ट सांगितलं. दुष्काळ जाहीर झाला की आपल्याकडे तसे आदेश निघतातही.

गोम आहे ती ‘दुष्काळग्रस्त’ या अटीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने दुष्काळी तालुके जाहीर केले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला त्यात होते. योग्यच होतं, तिकडे पाऊसच झाला नव्हता. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या यादीत येणार कसे? जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांतलेच हे. जुलैमध्ये इथे छत्री उघडून काही उपयोग नसतो. ते सगळं पाणी उतारावरून वाहून जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीने हंडा भरतात. हे फोटो दरवर्षी पेपरात येतात, तुम्हीही शेअर केले असतील. पर्जन्यमापकाला एप्रिल दिसत नाही. त्याला वर्षाची बेरीज तेवढी कळते, आणि त्या बेरजेत आमचा तालुका कायम श्रीमंत.

भात आणि नागली एकदाच पिकते, ती फाल्गुनापर्यंत संपत येते. त्याआधीच माणसं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेली असतात. हंगाम संपल्यावर काही परततात, काही नाशिकला बांधकामावर जातात. पोरं आजीकडे. मे महिन्यात घरात शिजतं, नाही असं नाही. भाकरी आणि मिरचीचा ठेचा, भाकरी आणि पातळ कालवण. डाळ, उसळ, भाजी हे सगळं एका ताटात यायची जागा म्हणजे शाळा. योजनेत प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, “मॅडम, रानात आंबे आहेत, करवंदं आहेत, पोरं मजेत असतात.” आहेत ना. आम्हीही खातो. करवंदातून बारा ग्रॅम प्रथिनं काढून दाखवा, मी आजच ही पोस्ट डिलीट करते.

(अंड्याचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचे पैसे बंद केले आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. लोक कोण, तर तेच, विहिरीत उतरलेले.)

आता स्टाफरूममधला आक्षेप. “म्हणजे मेमध्येही आम्हीच यायचं का?” प्रश्न रास्त आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, सगळी जोखडं शिक्षकाच्याच मानेवर पडतात. दुष्काळी तालुक्यांत सुट्टीतल्या आहाराचा आदेश आला की पहिली बोंब याचीच होते, आणि रणरणत्या उन्हात एका वाटी खिचडीसाठी पोरं दोन किलोमीटर चालत येत नाहीत, हेही खरं. पण मेमध्ये शाळा उघडा असं मी म्हणतच नाहीये. अंगणवाडी पाड्यावरच असते आणि चालू असते. तिथे लहानांसाठी शिजतंच, तिथेच शाळेतल्या पोरांचंही शिजू दे. शिजवायला आमच्या मावशी आहेत. त्यांना महिन्याला २५०० रुपये मानधन मिळतं, तेही केंद्राच्या निकषात वर्षातले दहाच महिने धरलेले. मेमध्ये त्या मजुरीला जातात. हे काम मिळालं तर गावातच राहतील.

तेही जमत नसेल तर कोरडा शिधा द्या. कोरोनात दिलाच होता. २०२० मध्ये केंद्राने उन्हाळी सुट्टीतल्या आहारासाठी खास तरतूद केली होती. तेव्हा सुट्टीची अट आडवी आली नाही, कारण सगळा देश घाबरलेला होता.

खर्च किती, तर मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे रोजचा स्वयंपाकाचा खर्च ६ रुपये ७८ पैसे धरला जातो, आणि धान्य १०० ग्रॅम. चाळीस दिवसांचे झाले २७१ रुपये आणि चार किलो तांदूळ. त्यातला काही तांदूळ तर आमच्या खोलीत सोंड्यांची वाट पाहत पडलेलाच आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या समर कॅम्पचा एक टीशर्टही या पैशात येत नसेल.

वरून आदेश येईल म्हणून बसायचं नाही, असं यंदा आम्ही ठरवलंय. १ मे ला निकाल लागतो आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. पेठ तालुका पेसा क्षेत्रात येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे. २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (एखाद्या ठरावीक योजनेला न बांधलेला) निधी थेट मिळतो आणि आरोग्य, शिक्षण यांवर तो खर्च करता येतो. काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. आजवर बऱ्याच ठिकाणी तो पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपात गेला. मी सरकारी नोकर, मला ठराव मांडता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मांडणार आहेत. मागणी दोनच ओळींची आहे: शाळेतला शिल्लक साठा सुट्टीत वापरायला परवानगी मिळावी म्हणून पंचायत समितीला ग्रामसभेचं पत्र, आणि डाळ, तेल व मावशींच्या मानधनासाठी अबंध निधीतून रक्कम.

सरपंच तयार आहेत. ग्रामसेवक “ऑडिटला काय उत्तर देऊ” म्हणून अडून बसलेत. त्यांना खर्चाची बाब लेखी हवी आहे, ती काढून देतेय.

शहरातले मित्र “आम्ही काय पाठवू” असं विचारतील. बिस्किटांचे पुडे नकोत, आधीच सांगते. सुरगाणा, त्र्यंबक किंवा कळवणकडे ग्रामपंचायतीत कुणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. ठरावाचा मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे, मागेल त्याला पाठवते. गावाचं नाव आणि पटसंख्या तेवढी बदलायची. १ मे च्या आत मागा.