मॅगफ्लो मीटर सगळीकडे चालत नाही
लेख छान, पण मॅगफ्लो मीटर (पाइपमधून लिक्विड किती वाहतंय ते मॅग्नेटिक फील्डने मोजणारा मीटर) कुठल्याही लिक्विडला चालतो हे त्यातलं वाक्य तेवढं दुरुस्त करा प्लीज. हा मीटर फॅरेडेच्या 1831 च्या नियमावर चालतो, कॉइलचं मॅग्नेटिक फील्ड, त्यातून वाहणारं पाणी आणि समोरासमोरच्या दोन इलेक्ट्रोडवर येणारं अगदी बारीक व्होल्टेज, वेग वाढला की तेही वाढतं, पण त्यासाठी लिक्विडमधून वीज वाहायला हवी ना, म्हणून डिझेल, तेलाला हा उपयोगाचा नाही, साधारण 5 मायक्रोसिमेन्स प्रति सेंमी तरी कंडक्टिव्हिटी (वीज वाहू देण्याची क्षमता) लागतेच. साखर कारखान्यात उसाच्या रसाला मात्र एकदम बेस्ट, आत फिरणारं काहीच नाही त्यामुळे बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) कण अडकत नाहीत. आणि पाइप अर्धवट भरलेला असेल तर रीडिंग भलतंच येतं, त्यापेक्षा उभ्या लाईनवर फ्लो खालून वर ठेवून बसवा, पाइप प्लास्टिकचा असेल तर अर्थिंग रिंगचे (लिक्विडला अर्थिंग देणाऱ्या धातूच्या कड्याचे) पैसे वाचवू नका.