आधी मेस्तांकडे जा, मग विमानात बसा

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की गोव्यातली मुलं बाहेर शिकायला निघतात. इंग्लंडची सत्रं सप्टेंबरअखेर सुरू होतात, जर्मनीची ऑक्टोबरात. फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूंच्या घरांतून जाणाऱ्या कित्येकांच्या गळ्यात आठ-दहा वर्षांचं भजन मुरलेलं असतं. विद्यापीठात क्वायरची, म्हणजे समूहगायन मंडळाची, ऑडिशन लागते, पोरगं हौसेने जातं, गातंही बरं, आणि यादीत नाव येत नाही. मग घरी फोन: "त्यांना आपलं गाणं कळत नाही."

कळतं हो. अडतं ते कागदावर. एक कागद नोटेशनचा, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीचा, दुसरा व्हिसाचा, आणि दोन्हींची तयारी इथून निघण्याआधीच करायची असते.

नोटेशन येत नाही ही तक्रार गोवेकराने करावी, याचंच नवल वाटतं. चर्चच्या शाळांतून सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, शिकवायची परंपरा इथे काही शतकांची आहे. कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा इथली शेकडो मुलं देतात. वाड्यावर देवळात पेटी घेऊन बसणारे बुवा असतात आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर क्वायर बसवणारे मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक. तरी मराठी घरांतून मेस्तांकडे जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, कारण "ते त्यांचं", म्हणजे ख्रिस्ती लोकांचं. मला हे पटत नाही.

ऑडिशन साधारण दहा मिनिटांची. आधी अर्ध्या स्वराने चढवत नेलेले पलटे, म्हणजे आवाज कुठून कुठवर जातो ते कळतं. मग तयार केलेलं एक गाणं. मग पियानोवर वाजवलेली चार-पाच स्वरांची ओळ ऐकून लगेच म्हणायची. इथवर सरगम घोटलेलं मूल पुढेच असतं. शेवटी समोर न पाहिलेल्या नोटेशनचा तुकडा येतो, साधारण आठ माप (बार), पहिला स्वर दिला जातो आणि गायला सांगतात. इथे गाडी रुतते. नोटेशन म्हणजे काही ब्रह्मविद्या नाही. आठवड्याला दोन तास धरले तर सहा महिन्यांत ग्रेड तीनच्या थिअरीइतकं वाचता येतं, आणि बहुतेक विद्यापीठांच्या मोठ्या क्वायरला तेवढं पुरतं. सरगमवाल्याला एक सवलत आयती मिळते. 'मूव्हेबल दो' पद्धतीत दो म्हणजे आपला सा, कुठल्याही पट्टीत. फ्रान्स, इटली, पोर्तुगालमध्ये मात्र दो म्हणजे कायम पेटीची पांढरी एक. तिथे जाणाऱ्याने हे आधीच डोक्यात बसवावं, नाहीतर पहिला महिना गोंधळात जातो.

पट्टीवरून आठवलं. बुवा तुमच्या गळ्याला सोसेल अशी काळी एक किंवा काळी दोन धरतात. क्वायरमध्ये पट्टी रचनेची असते, तुमची नाही. टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) मधल्या पांढरी एकच्या सप्तकभर खालून वर पांढरी सहापर्यंत जावं लागतं, बेसला (पुरुषांच्या खालच्या आवाजाला) आणखी खाली, थेट खर्जातल्या पांढरी तीनपर्यंत. भजनात तार सप्तकात जोर काढणारा मुलगा स्वतःला टेनर समजतो आणि पुष्कळदा बेसमध्ये बसवला जातो. त्यात कमीपणा काही नाही, बेस गाणाऱ्यांची चणचण सगळीकडे असते.

निवड झाल्यावर जे बिघडतं ते वेगळंच. पहिली अडचण मींडेची. आपण स्वरावर घसरत जातो, तिथे स्वर थेट लागावा लागतो. चाळीस जणांत एकाची मींड लगेच उघडी पडते. दुसरी अडचण आपली ओळ धरून ठेवण्याची. शेजारी सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) मूळ चाल गात असतात आणि कान त्यांच्यामागे पळतो. यावर उपाय घरीच होतो: पेटीवर कुणाला तरी मूळ चाल वाजवायला सांगा, तुम्ही तिच्या दोन स्वर खालची ओळ गा, रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्या आठवड्यात ऐकवत नाही, तिसऱ्यात जमतं.

तिसरी अडचण समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची. भजनात बुवा आधी म्हणतात, मग मागची मंडळी घेतात, आणि पखवाज सम कुठे आहे ते कानात सांगतच असतो. क्वायरमध्ये ठेका नसतो. अकरा माप गप्प बसून बाराव्याला नेमकं उठायचं, तेही आधी कुणी गाऊन दाखवल्याशिवाय. सम कंडक्टरच्या हातात असते, म्हणून डोळे नोटेशनच्या पुस्तकात पुरले की उशीर ठरलेला. पुस्तक छातीच्या उंचीवर धरायचं, नजर पुस्तकाच्या कडेवरून हातावर. सोबत टू-बी पेन्सिल. पेन नको, पुस्तकं भाड्याची असतात आणि खुणा पुसून परत द्यावी लागतात.

उच्चारांची एक गंमत सांगायलाच हवी. गोव्यातल्या चर्चमध्ये लॅटिन इटालियन वळणाने गातात: 'आन्यूस देई', 'रेजीना चेली'. जर्मनीत तेच 'आग्नुस' आणि 'रेगीना त्सेली' होतं. दोन्ही बरोबर. ज्या क्वायरमध्ये आहात तिथलं धरायचं आणि 'आमच्याकडे असं' हे वाक्य गिळायचं. ओळीच्या शेवटचा 'स' सगळ्यांनी लांबवला तर साप सोडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो दोघांनाच म्हणायला ठेवतात. दगडी कॅथेड्रलात स्वर चार-पाच सेकंद घुमत राहतो, तिथे लय थोडी उतरवावी लागते. हॉलमध्ये बसवलेली गती तिथे चिखल करते.

आता दुसरा कागद, व्हिसाचा. क्वायरचा दुसऱ्या देशात दौरा ठरतो, बाकीचे तिकिटं काढतात आणि भारतीय पासपोर्टवालं एकटं पोर अपॉइंटमेंट शोधत बसतं. शेजारच्या मुलाला व्हिसा लागलाच नाही, हा दाखला देऊ नका. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांतून पुष्कळांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, त्यांचा हिशोब वेगळा.

इंग्लंडमध्ये शिकत असाल आणि दौरा युरोपात असेल, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, तेव्हा पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नये. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्या वकिलातीत अर्ज. रात्री सारख्या असतील तर आधी ज्या देशात उतरणार त्याच्याकडे. म्हणूनच आयोजकाकडून 'दौऱ्याचा आराखडा' नुसता मागू नका, रात्रवार मुक्कामाची यादी मागा. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. शेवटच्या वर्षाच्या मुलांना फटका इथे बसतो: इंग्लंडचा व्हिसाही दौऱ्यानंतर तीन महिने शिल्लक असावा, असं बहुतेक वकिलाती मागतात. कोर्स संपताना ठेवलेला निरोपाचा दौरा त्यात हमखास अडकतो.

जर्मनीत शिकणाऱ्याला शेंगेनच्या बाकी देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, स्वित्झर्लंडसुद्धा त्यात आलं. इंग्लंड आणि आयर्लंडला मात्र वेगळा व्हिसा. रेसिडेन्स कार्ड नूतनीकरणाला दिलं असेल तर हातात मिळणारा तात्पुरता कागद दुसऱ्या देशाच्या सीमेवर चालेलच असं नाही, विचारूनच बसमध्ये चढा. अमेरिकेतल्या मुलांनी बाहेर पडण्याआधी आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा दाखला) वरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे ना आणि परत येताना व्हिसा जिवंत असेल ना, एवढं पाहावं.

पैशांबद्दल फार लोक बेफिकीर असतात. विद्यापीठाच्या क्वायरमध्ये फुकट गाणं ठीक. पण इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसावर एंटरटेनर म्हणून काम करायला आणि स्वयंरोजगाराला मनाई आहे. कुणाच्या लग्नात चर्चमध्ये गाऊन पन्नास पौंड खिशात घालणं साधं वाटतं, पण निष्कारण जोखीम होते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, मात्र स्वतंत्र कलाकार म्हणून बिल फाडायला वेगळी परवानगी लागते. आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारा, मग 'हो' म्हणा.

बसबद्दल थोडक्यात. युरोपीय संघात चालकाला साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती आणि दिवसाला साधारण नऊ तासच गाडी, असा कायदा आहे. रात्री अकराला कार्यक्रम संपला आणि पहाटे निघायचं असेल तर विश्रांती पुरी होत नाही म्हणून चालक नकार देतो, आणि त्याचं बरोबर असतं. आयोजक विद्यार्थी असतील तर हा हिशोब त्यांच्याकडून चुकतो.

मुक्काम पुष्कळदा यजमान कुटुंबांत, दोघं-दोघं. खाण्याच्या फॉर्मवर 'सोमवारी शिवराक' (म्हणजे शाकाहारी) लिहू नका, कुणाला कळत नाही. संपूर्ण दौऱ्यासाठी शाकाहारी लिहा किंवा काहीच लिहू नका. भेट म्हणून काजू उत्तम. चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज), घरचं तूप, पेढे नकोत. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाच्या सीमेवर काढून घेतात.

आणि घुमट, मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं आपलं वाद्य. 'तुमच्याकडचं काहीतरी आण' असं क्वायर सांगते आणि घरचे आजोबांचं घुमट गुंडाळून देतात. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला हे खरं, पण जुन्या घुमटावर घोरपडीचं कातडं असतं. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि तिच्या कातड्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदीही आहे. कस्टममध्ये ते उघडलं तर वाद्य जाईल आणि पोरगं तासन्तास खुलासा देत बसेल. बकऱ्याचं कातडं लावलेलं नवं घ्या, बनवणाऱ्याकडून तशी सही केलेली चिठ्ठी घ्या, आत मऊ कपडे कोंबून हातातल्या बॅगेत न्या. मातीचं भांडं चेक-इनमध्ये टिकत नाही. पोचल्यावर हीटरपासून लांब ठेवा, कोरड्या हवेत कातडं ताणून फाटतं. एक कातडं जास्तीचं नेलंत तरी ते चढवणारा माणूस तिथे सापडणार नाही, तेव्हा चढवायला इथेच शिकून घ्या.