अर्जावर नसलेला रकाना

गेल्या रविवारी फोनवर दादा म्हणाला, "तुमच्याकडे काय उठसूट वर्ण, वर्ण, वर्ण. इतकं उगाळलं की नसलेलं भांडणही उभं राहतं. आपल्याकडे बघ, कुणी कुणाला काही विचारत नाही." दादा सांगलीत असतो, मी इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला, गेली एकोणीस वर्षं. तेव्हा मला नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दादा, मी राहते त्या गावात हा विषय कुणी मुद्दाम उकरून काढलेला नाही. इनॉक पॉवेल इथलाच खासदार होता. स्थलांतरितांविरुद्धचं त्याचं कुप्रसिद्ध भाषण २० एप्रिल १९६८ला बर्मिंगहॅममध्ये झालं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या पक्षनेत्याने त्याला पक्षातल्या पदावरून काढलं आणि त्याच आठवड्यात लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत वुल्व्हरहॅम्प्टनचे शीख बसचालक पगडी घालून काम करू द्या म्हणून भांडत होते. एप्रिल १९६९मध्ये बंदी उठली. ज्या बसने मी रोज कामाला जाते, ती चालवणारे सरदारजी त्या भांडणामुळे तिथे बसलेत.

आणि इथली चर्चा एकाच सुरातली आहे, असंही समजू नकोस. स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाचा १९९३मध्ये लंडनला खून झाला. पोलिसांनी तपासाची जी हेळसांड केली तिची चौकशी होऊन १९९९मध्ये मॅकफर्सन अहवाल आला आणि पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं गेलं. पुढे २०२१मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने जवळजवळ उलट सूर लावला. अध्यक्ष टोनी स्यूएल, स्वतः जमैकन आईबापांचा मुलगा. त्यांचं म्हणणं असं की वर्णद्वेष आहे, पण आता या देशाची व्यवस्था अल्पसंख्याकांविरुद्ध जाणूनबुजून रचलेली राहिलेली नाही; घर, वर्ग आणि राहण्याचं ठिकाण यांनाही मोजा. केवढा गदारोळ झाला! त्याच वर्षी जूनमध्ये संसदेच्या शिक्षण समितीने गरीब गोऱ्या मुलांकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं, असा अहवाल दिला. तो टीव्हीवर आला त्या रात्री माझ्याबरोबर पाळीला असलेली गोरी बाई म्हणाली, "माझ्या पोराबद्दल कुणीतरी बोललं एकदाचं." तिचा आवाज भरून आला होता.

स्यूएल अहवाल मला पटला नाही. बढतीच्या मुलाखतीला कोण बसतं आणि यादीत कोणाचं नाव येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तो वाचून माझा एक आळस मोडला. आम्हा सगळ्या बिगरगोऱ्यांना एका गाठोड्यात बांधू नका, असं त्यात म्हटलं आहे. भारतीय आणि चिनी मुलं परीक्षेत गोऱ्या मुलांच्या पुढे आहेत, कॅरिबियन मुळाची मुलं मागे आहेत. दोघांचं दुःख एकच, असं म्हणून मी इतकी वर्षं कॅरिबियन मैत्रिणींच्या दुःखात आपला वाटा सांगत आले होते. हे कळायला आकडे लागतात. १९९१पासून इथली जनगणना प्रत्येकाला वांशिक गट विचारते. सुरुवातीला या प्रश्नाला विरोध काळ्या आणि आशियाई लोकांकडूनच झाला. ही माहिती उद्या आपल्यालाच हाकलायला वापरतील, अशी भीती होती. भीती खोटी नव्हती. तरी वाद घालून, प्रश्नाचे शब्द बदलून, तो विचारला गेला.

इथपर्यंत मी तुला अभिमानाने सांगू शकते. पुढचं सांगणं अवघड आहे.

मी इस्पितळात कामाला आहे आणि युनियनची प्रतिनिधी आहे. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या रुग्णाने माझ्या हातून इंजेक्शन घ्यायला नकार दिला, रंगावरून. मी तक्रार लिहिली. अर्जावर 'वंश' असा रकाना होता, त्यात खूण केली, दहा मिनिटांत काम झालं. पुढच्या वर्षी एक सहकारी तसाच अर्ज घेऊन माझ्याकडे आली. पंजाबी, रविदासिया समाजातली, म्हणजे संत रविदासांना मानणाऱ्या दलितांतली, जन्म इथलाच. आमच्या विश्रांतीच्या खोलीत आम्ही देशी बायका डबे एकत्र उघडायचो. तिच्या माहेरचं गुरुघर, म्हणजे गुरुद्वारा, कोणतं हे कळल्यापासून दोघीतिघींनी तिच्या डब्यातलं घेणं बंद केलं. मग तिच्या पाठीमागे एक शब्द वापरला गेला, तो तिने ऐकला. त्या दोघीतिघींत एक मराठी होती.

अर्ज समोर ठेवून आम्ही दोघी बसलो. वंश? त्या बायकांचा आणि तिचा वंश एकच. रंगही तोच. धर्म? त्याने पूर्ण उत्तर होत नव्हतं. खूण कुठे करायची?

जातीचा रकाना का नव्हता, त्याची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी, कारण तिच्यात आपली माणसं आहेत. २०१०च्या समता कायद्यात मंत्र्यांना मुभा होती की त्यांनी जात हा वंशाचाच एक भाग धरावा. २०१३मध्ये संसदेने त्या कलमातला शब्द बदलला आणि 'धरता येईल'चं 'धरावंच लागेल' झालं. तरी ते झालं नाही. २०१७मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली, सोळा हजारांहून जास्त उत्तरं आली. जुलै २०१८मध्ये सरकारने जाहीर केलं की कायद्यात जात घालायची नाही, ते कलमच काढून टाकू, न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत. २०१४मध्ये एका घरकामगार बाईच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने म्हटलं होतं की 'वांशिक मूळ' या शब्दांत काही प्रसंगी जात बसू शकते. त्या एका वाक्याच्या भरवशावर माझ्या मैत्रिणीने वकील गाठायचा.

विरोध करणाऱ्यांत बऱ्याच हिंदू संघटना होत्या. त्यांचा मुद्दा मी टाकून देत नाही. इथे जन्मलेल्या मुलांना जात ठाऊकही नाही, कायदा करून ती त्यांच्या डोक्यात भरू नका. प्रत्येक हिंदूकडे संशयाने बघितलं जाईल. ही भीती मला समजते. पण 'बोललं की वाढतं' हेच तर तू रविवारी म्हणालास, आणि पगडीच्या वेळी इथले गोरेही तेच म्हणत होते. गोऱ्याने दोनदा 'मूळची कुठली?' विचारलं की आम्हाला टोचतं. आमच्या गणपतीत नवीन कुटुंब आलं की आधी आडनाव, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' माझं आडनाव ऐकून कुणी तिसऱ्या प्रश्नापर्यंत जात नाही, म्हणून इतकी वर्षं मला तो ऐकू आला नाही.

जात म्हणजे वंश नव्हे, हा युक्तिवादही भारत सरकारने २००१मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत केला होता. बाबासाहेबांनीही १९३६मध्ये लिहिलं की जात ही वंशाची विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. पण ते लिहिलं जात मोडण्यासाठी. डर्बनमध्ये ते वापरलं गेलं दार लावण्यासाठी. त्याच बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोघांच्या लढ्यातलं साम्य दाखवलं. जोतिरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केली. मराठीत ही चर्चा दीडशे वर्षांची आहे, दादा. इंग्रजांनी आपल्याला ती शिकवली नाही.

आणि तुमच्याकडे कुणी काही विचारत नाही, हे तरी खरं का? मराठा-ओबीसी वादाने गावागावांत दोस्त्या तुटल्या, हे तूच मला सांगितलंस. १९३१नंतर देशभरातल्या सगळ्या जातींची मोजणी करून आकडे कधी छापले गेले नाहीत. २०११ला मोजल्या, ते आकडेही बाहेर आले नाहीत. आरक्षणावर आपण घसा फाटेस्तोवर बोलतो, डब्यावर आणि कपावर बोलत नाही.

माझ्या मैत्रिणीने शेवटी अर्ज मागे घेतला. चौकशीत तिला आपली जात सगळ्यांसमोर उच्चारावी लागली असती आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मी तिला फार आग्रह केला नाही. करायला हवा होता का, अजून ठरवता येत नाही.

आपल्या पडवीतल्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा, आठवतो? उलटा ठेवलेला. तो कुणासाठी होता हे आपण आईला कधी विचारलं नाही, कारण आपल्याला ठाऊक होतं. त्या माणसाचं नाव मात्र मला आठवत नाही. आई एक्याऐंशीची झाली. मी पुढच्या महिन्यात येते आहे, तेव्हा तू, मी आणि ती असे बसू आणि तिला ते नाव विचारू.