स्वयंपाकघरातला अंधार

आमच्या चाळीला शंभर वर्षं पूर्ण होतायत म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. जुन्या बिऱ्हाडांतल्या मुलांनी आपापल्या घरच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असा निरोप आला. मी बाबांवर चार पानं लिहिली आणि आधी धाकट्या भावाला वाचायला पाठवली. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते, डोंबिवलीत सकाळ झाली होती. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

"ताई, हे छापायचं नाही. बाबा गिरणीत होते, संपात शेवटपर्यंत टिकले, एवढं पुरे आहे. बाकीचं चारचौघांत कशाला?"

बाकीचं म्हणजे संपानंतरची वर्षं. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले जवळपास अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. बाबांचं बोलणं त्यानंतर हळूहळू आटत गेलं. रात्री आम्ही सगळे आडवे झालो की ते मोरीच्या कठड्याशी, दिवा न लावता, भिंतीला पाठ टेकून बसायचे. पाणी प्यायला उठावं तर विडीचं लाल टोक तेवढं दिसायचं. कुणी दिवा लावलेला त्यांना खपायचा नाही. पुढे पुढे गॅलरीत माणसं आपल्यावर पाळत ठेवून आहेत म्हणायला लागले. एकदा आईने वाढलेलं ताट हुंगून सरकवून दिलं, भाकरीत काही घातलंय म्हणाले. आम्ही सगळे याला "बाबांचा स्वभाव" म्हणत आलो. मी पहिल्यांदा त्याला आजार म्हटलं, आणि भावाला तेच टोचलं.

त्या दिवसांत मी ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाचं आत्मचरित्र वाचत होते. रॉक संगीत माझ्या कानावरचं नाही. मी भजनं, शाहिरी आणि रेडिओवरची भावगीतं ऐकत वाढले. पण न्यू जर्सीत वीस वर्षं काढली की या माणसाचं नाव टाळता येत नाही. इथले लोक त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. ऑफिसातल्या एका बाईंनी पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाल्या, गाणी नंतर ऐक, आधी त्याच्या वडिलांबद्दलचं वाच.

हे आत्मचरित्र, 'बॉर्न टू रन', आलं २७ सप्टेंबर २०१६ ला. चारच दिवसांपूर्वी त्याला ६७ वर्षं पूर्ण झाली होती. सात वर्षं तो ते लिहीत होता, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. सुरुवात होते फ्रीहोल्डमधल्या त्याच्या गल्लीतल्या एका प्रचंड बीच वृक्षापासून. फ्रीहोल्ड माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. गावात गालिच्यांची गिरणी होती. ती बंद पडली, आणि १९८४ च्या 'माय होमटाउन' या गाण्यात ती बंद गिरणी आली. वडील डग्लस यांनी मिळेल ते काम केलं: गालिच्यांच्या गिरणीत, फोर्डच्या कारखान्यात, तुरुंगात पहारेकरी म्हणून, बस चालवून. आई अडेल वकिलांच्या कचेरीत सेक्रेटरी. घर तिच्या पगारावर आणि तिच्या उत्साहावर उभं होतं.

तो फोर्डचा कारखाना होता एडिसनमध्येच. २००४ मध्ये बंद झाला, पाडला गेला. मी इथे आल्यावर ती मोकळी जागा कित्येकदा गाडीतून पाहिली होती. लोअर परळची गिरणीची जमीन आणि तिच्यावरचे मॉल आठवायचे, पण दोन्हींची सांगड कधी घातली नव्हती. आता त्या रस्त्याने जाताना मनात येतं, इथे एक माणूस पाळी संपवून बाहेर पडायचा, घरी जायचा आणि स्वयंपाकघरात अंधारात बसायचा.

पुस्तकात ते दृश्य आहे. वडील रात्री स्वयंपाकघरात, दिवे मालवून, सिगरेट आणि बिअर घेऊन बसलेले. मुलगा उशिरा घरी येतो तेव्हा त्याला त्यांच्या समोरून जावं लागतं. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि खाली जाऊन आमच्या स्वयंपाकघराचा दिवा लावून आले. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

अजून एक गोष्ट. त्याचं १९७८ चं 'फॅक्टरी' नावाचं गाणं आहे, कारखाना माणसाचे कान घेतो असं त्यात येतं. ते मी मुद्दाम शोधून ऐकलं. साचेखात्यातल्या माणसाच्या घरी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेकडो साच्यांच्या खडखडाटात माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलायची. बाबा आणि त्यांचे दोस्त सुट्टीच्या दिवशी चाळीच्या चौकात उभे राहूनही तशाच खुणा करायचे. अंगठा कानाशी नेला म्हणजे मुकादम, दोन बोटं आडवी म्हणजे धागा तुटला. आम्ही मुलं त्यांच्या नकला करायचो. संपानंतर दोस्त पांगले, कुणी गावी गेलं, कुणी वॉचमन झालं. बाबांना खुणा करायला समोर माणूसच उरला नाही. त्यांचं बोलणं आटलं असं मी वर लिहिलं, त्यातलं निम्मं हे होतं, असं मला आता वाटतं.

स्प्रिंगस्टीनच्या वडिलांच्या आजाराला उतारवयात नाव मिळालं, औषधं मिळाली. त्यांच्या आयरिश घराण्यात मनाचे आजार पिढ्यान्‌पिढ्या होते आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मग ब्रूस स्वतःवर येतो. तिशीत असताना, गाडीने कॅलिफोर्नियाला निघाला असता वाटेत कोसळला आणि तेव्हापासून मानसोपचार घेत आला. साठीनंतर दोन वर्षं आणि पुन्हा त्रेसष्टाव्या वर्षी नैराश्याने त्याला आडवं केलं. बायको पॅटी, त्याच्याच वाद्यवृंदातली गायिका, तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. हे सगळं तो नावानिशी, वयानिशी लिहितो. हजारो माणसांसमोर तीन-तीन तास घाम गाळणारा हा माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नव्हता, हे वाचून मी त्याच्याकडे कमी आदराने पाहायला लागले का? उलट झालं.

पुस्तकातलं एक पान मी तीनदा वाचलं. १९९० साल. ब्रूसला पहिलं मूल होणार आहे. वडील न कळवता सॅन मटेओहून शेकडो मैल गाडी चालवत लॉस एंजेलिसला त्याच्या दारात येतात. सकाळची वेळ, दोघं बिअर घेऊन बसलेले. वडील अडखळत म्हणतात, तू आमच्याशी चांगला वागलास, मी तुझ्याशी तितका चांगला वागलो नाही. मुलगा म्हणतो, तुम्हाला जमेल तेवढं तुम्ही केलंत. बस, एवढंच. डग्लस १९९८ मध्ये गेले. मुलाने हे सगळं त्यांच्या माघारी लिहिलं, पण ते पान वाचल्यावर कुणाला असं म्हणता येईल का की वडिलांची बदनामी झाली? मला तर त्या पानावर डग्लस पहिल्यांदा पूर्ण माणूस दिसले.

भावाशी वाद याच मुद्द्यावर झाला. तो म्हणतो, अमेरिकेतल्या लोकांना सगळं उघड्यावर मांडायची सवय आहे, आपल्याकडे घरचं घरात राहतं. मी त्याला म्हटलं, आपल्याकडचं मराठी वाच. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकात लिहिली. त्यात रेव्हरंड टिळकांचा राग, लहर, घर सोडून जाणं, सगळं आलं आहे. आणि त्यामुळे टिळक आपल्याला परके वाटत नाहीत, जवळचे वाटतात. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा त्यांच्याच शिकल्या-सवरल्या माणसांतून प्रश्न आला की हा उकिरडा कशाला उकरला. १९९० मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं, आणि लाडक्या पु.लं.बद्दल बायकोने असं लिहावं का, यावर घराघरांत भांडणं झाली. आमच्या चाळीतसुद्धा झाली, सार्वजनिक नळावर. पुस्तकं मात्र टिकली. तेव्हा उघडं बोलणं अमेरिकेतून आणलेलं आहे हे मला मान्य नाही. आपल्याकडे ते होतंच, प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागली इतकंच.

पण भावाचं एक म्हणणं मला झटकून टाकता आलं नाही. तो म्हणाला, "तू तिकडे आहेस. स्मरणिका वाचून लोक आईला जिन्यात गाठतील, तुला नाही." हे खरं आहे. दूर राहणाऱ्याला धीट होणं सोपं जातं. इथे माझी मॅनेजर सगळ्यांच्या देखत सांगते की गुरुवारी तीन वाजता ती थेरपिस्टकडे असते, आणि मीटिंग पुढे सरकते. मला वाटायला लागतं की जगात सगळीकडे हे असंच असावं. प्रत्यक्षात इथेही ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कित्येक थेरपिस्ट विमा घेत नाहीत, आणि ज्याच्याकडे बरी नोकरी नाही त्याने काय करायचं? आणि आपल्या इथल्या मराठी मंडळींत तर मुंबईपेक्षा जास्त झाकपाक चालते. एका ओळखीच्या घरातली बाई सहा महिने कुठे दिसली नाही, तेव्हा पाठीचं दुखणं आहे असं सांगण्यात आलं. आम्ही सगळ्यांनी ते मानलं, कुणी दारही वाजवलं नाही. मीही नाही. याची मला आज लाज वाटते.

मायदेशी मात्र गोष्टी हलतायत. २०२२ मध्ये इथे अमेरिकेत ९८८ हा मानसिक संकटातल्या माणसांसाठी मदतीचा नंबर सुरू झाला, त्याच वर्षी भारतात टेलिमानस ही तशीच सरकारी सेवा सुरू झाली, १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. बाबांच्या वेळी असा नंबर असता तर त्यांनी लावला असता असं मी म्हणणार नाही. आईने लावला असता.

स्प्रिंगस्टीनच्या पुस्तकाच्या शेवटाकडे तो वाचकाला सरळ सांगतो की मी माझ्याबद्दल सगळं सांगितलेलं नाही, दुसऱ्यांच्या भावनांचा विचार करावा लागतो, पण माझं मन मात्र दाखवलं आहे. ही सीमारेषा मला पटली. मी चार पानांतून ताटाचा प्रसंग काढला. तो बाबांचा जितका आहे तितकाच आईचा आहे, आणि तिला न विचारता तो माझा नव्हता. विडीचं लाल टोक ठेवलं. हातांच्या खुणा वाढवल्या. "आजार" हा शब्द ठेवला. एकदा याच स्प्रिंगस्टीनने रंगमंचावर कबूल केलं होतं की तो आयुष्यात कधी कारखान्यात गेला नाही, गाणी मात्र त्याचीच लिहिली, कारण वडिलांचे कपडे आणि वडिलांचा आवाज त्याने अंगावर घेतला होता. मीही साचेखातं आतून कधी पाहिलं नाही. मला त्यातलं जे ठाऊक आहे ते सगळं बाबांच्या हातांतून आलेलं आहे.

मग आईला फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं, ताटाचा प्रसंगही, वेगळा काढलेला. ती ऐकत होती. मध्ये एकदा भांडं ठेवल्याचा आवाज आला. संपल्यावर म्हणाली,

"अगं, ताटाचं पण लिही. पण मग पुढचं पण लिही."

"पुढचं काय, आई?"

"मी ह्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन महिने गोळ्या दिल्या मी, भाकरीच्या तुकड्यात घालून. ह्यांना झोप लागायला लागली होती, एकदा तर खाली चौकात जाऊन बसले. मग कुणीतरी तुझ्या काकांच्या कानावर घातलं, ते आले आणि म्हणाले, बाईल नवऱ्याला वेड्याचं औषध चारतेय. मी बंद केल्या."

म्हणजे भाकरीत काही घातलंय, हे बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. चाळीस वर्षं मी ते वेडाचं लक्षण म्हणून डोक्यात धरून बसले होते. तिने ते प्रेमापोटी केलं होतं, चोरून करावं लागलं होतं, आणि त्या चोरीमुळेच त्यांचा संशय खरा ठरला होता.

दुसऱ्या दिवशी भावाने फोटो पाठवला, सोबत एक शब्द नाही. आईच्या पत्र्याच्या डब्यातली डॉक्टरांची चिठ्ठी, घडीवर फाटलेली. तारीख वाचता येते, मार्च १९८६. औषधाचं नाव लागत नाही. खाली पेन्सिलीने, सातवी शिकलेल्या आईच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: सकाळी अर्धी, रात्री एक, जेवल्यावर.