‘स्लीप वाढवा, रीस्टार्ट करा, विषय संपला’? कसला संपतोय!

कंट्रोल सिस्टमवाल्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक पोस्ट जोरात फिरतेय, स्टार्टअप टायमिंगच्या (चालू होताना कोण आधी, कोण नंतर) प्रॉब्लेमवर पाच हमखास उपाय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: नोड्स (नेटवर्कवर जोडलेले कॉम्प्युटर) एकमेकांना सापडत नसतील तर स्क्रिप्टमध्ये स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) टाका, सर्व्हिसेसचा क्रम ‘आफ्टर’ (‘ही त्या सर्व्हिसनंतर’) लिहून पक्का करा, कोण आधी आलं कोण नंतर ते लॉगच्या टाइमस्टॅम्पवरून बघा, दहा रीस्टार्टमध्ये एरर दिसली नाही तर फिक्स झालं समजा, आणि सिस्टम एकदा वर आली की स्टार्टअपच्या भानगडी पुढे त्रास देत नाहीत. मी दुर्लक्षच करणार होतो, पण भाच्याने ती मलाच पाठवली, वर लिहिलं होतं, "मामा, भारी आहे हे, मी सगळ्या आयओसींच्या स्क्रिप्टमध्ये स्लीप ६० टाकलं." आयओसी म्हणजे उपकरणं चालवणारे कंट्रोल कॉम्प्युटर. आता गप्प कसं बसायचं?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात घातक आहे. ‘एकदा वर आली की आली’ म्हणे.

१० एप्रिल १९८१, स्पेस शटलचं पहिलंवहिलं उड्डाण. चार मुख्य कॉम्प्युटर एकच सॉफ्टवेअर चालवतायत, पाचवा बॅकअप, त्याचं सॉफ्टवेअर वेगळ्याच कंपनीने लिहिलेलं. उड्डाणाला वीसेक मिनिटं उरलेली असताना बॅकअपची मुख्य कॉम्प्युटरांशी वेळ जुळेना, आणि उड्डाण त्या दिवशी रद्द. नासाच्या जॉन गारमन यांनी त्याच वर्षी एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या न्यूजलेटरमध्ये याची सगळी चिरफाड लिहिलीय, ही पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाने ती आधी वाचावी. झालं असं होतं की जो कॉम्प्युटर सगळ्यात आधी चालू होतो तो आपली सुरुवातीची वेळ टायमरच्या क्यूमधून (ठरल्या वेळी करायच्या कामांची रांग) उचलायचा, त्या क्षणी क्यू रिकामी असणार हे गृहीत धरून. पण दोनेक वर्षांपूर्वी बस (कॉम्प्युटर आणि उपकरणांमधली डेटाची वाट) इनिशियलाइज करणाऱ्या रूटीनमध्ये कुणीतरी एक डिले घातला होता, त्यामुळे क्यू रिकामी राहिली नाही. पुढे त्या डिलेचा आकडा थोडासा बदलला आणि चुकीची वेळ उचलली जाण्याची शक्यता ६७ मध्ये १ एवढी झाली. डिलेच होता तो! पोस्टमध्ये औषध म्हणून दिलाय तोच.

आणि मुख्य गोष्ट, चूक झाली ती मुख्य कॉम्प्युटर चालू केले त्या क्षणी. पुढे कित्येक तास ते मजेत चालत होते, चौघांचं आपसात अगदी जुळत होतं कारण चौघांनी एकच चुकीची वेळ धरली होती. कुरकुर केली ती फक्त पाचव्याने, कारण तो बाहेरून ऐकत होता. स्टार्टअपला घुसलेली चूक स्टार्टअपलाच दिसते असं ज्याला वाटतं त्याने याचं उत्तर द्यावं.

एक मान्य करतो, नाइलाजाने. शटलचा प्रॉब्लेम शेवटी रीस्टार्टनेच सुटला आणि १२ एप्रिलला उड्डाण झालं. पण आधी कारण सापडलं, मग रीस्टार्ट, मग वेळ नीट जुळलीय का हे तपासलं. पोस्टमध्ये यातला फक्त मधला भाग आहे.

हे जुनं झालं म्हणाल तर ईपिक्समधलंच, म्हणजे हे आयओसी ज्यावर चालतात त्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधलंच घ्या. एका आयओसीवर एओ रेकॉर्ड (उपकरणाला आकडा पाठवणारा) आहे, ‘पिनी’ येस आहे म्हणजे चालू होतानाच तो एकदा प्रोसेस होतो, सेटपॉइंट (पाठवायचा आकडा) दुसऱ्या आयओसीवरून लिंकने येतोय. ती लिंक जुळायच्या आत रेकॉर्ड प्रोसेस झाला की सिव्हिरिटी (अलार्मची पातळी) इनव्हॅलिड होते, बरोबरच आहे. पण ‘आयव्हीओए’ (व्हॅल्यू इनव्हॅलिड असताना काय करायचं ते सांगणाऱ्या) फील्डला कुणी हात लावला नसेल तर त्याचा डिफॉल्ट ‘कंटिन्यू नॉर्मली’ असतो, म्हणजे व्हॅल्यू इनव्हॅलिड असली तरी आउटपुट लिहिला जातो. सेकंदाभराने लिंक जुळते, अलार्म जातो, स्क्रीन हिरवी, आणि पॉवर सप्लायला मधल्या वेळात शून्य गेलेलं असतं. लॉगमध्ये एक ओळ, ती कोण वाचतंय! इथे ‘डोन्ट ड्राइव्ह आउटपुट्स’ केलं तर काम होतं. स्लीपने नाही, कारण समोरचा आयओसी उद्या पाच मिनिटं उशिरा आला तर तुमचे ६० सेकंद काय करणार?

स्लीप मुळात चालतो का? चालतो कधीकधी, आणि त्यामागे कारण असतं. स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) असेल तर पोर्ट वर आल्यावर १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग, म्हणजे ३० सेकंद लिंकचा दिवा लागलेला पण पॅकेट पुढे जात नाही. तेवढ्यात क्लायंटने चॅनल (दुसऱ्या आयओसीवरची व्हॅल्यू) शोधायला पाठवलेले यूडीपी पॅकेट हवेत विरतात, मग तो दर वेळी जास्त थांबून पुन्हा विचारतो, आणि हे थांबणं डिफॉल्टला ३०० सेकंदांपर्यंत वाढू शकतं. म्हणून कधी लगेच जुळतं, कधी पाच मिनिटांनी, आणि लोक म्हणतात रँडम आहे. रँडम काही नाही, नोड्स लागलेत त्या पोर्टांना एज पोर्ट करा, म्हणजे हे ३० सेकंद थांबणंच होत नाही. स्लीप ६० टाकलात तर हे कारण कधी दिसणारच नाही आणि स्विच बदलला की तो आकडा कशासाठी होता ते कुणालाच आठवणार नाही.

‘आफ्टर’चं काय, तो फक्त क्रम सांगतो. सर्व्हिस साध्या टाइपची असेल तर प्रोसेस सुरू झाली की सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिसेस चालू करणारा प्रोग्रॅम) दृष्टीने ती आली, आत डेटाबेस लोड झालाय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टाइप नोटिफाय करा आणि खरोखर तयार झाल्यावरच रेडी कळवा.

टाइमस्टॅम्पबद्दल एवढंच, बॅटरीवालं घड्याळ नसलेला बोर्ड बूट होतो तेव्हा त्याची तारीख कुठलीतरी जुनीच असते आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) लागल्यावर एकदम उडी मारते. तोपर्यंतच्या लॉगवरून दोन नोड्सचा क्रम लावणं म्हणजे थापा आहेत. नोडच्या आतल्या आत मोनोटोनिक वेळ (उडी न मारता फक्त पुढेच जाणारी) बघा, नोड्सच्या मधलं बघायचं तर एकाच मशीनवर पॅकेट पकडा.

आणि ते दहा रीस्टार्ट. शटलचाच आकडा घ्या, ६७ मध्ये १. असा बग दहा रीस्टार्टमध्ये एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के आहे. पंच्याण्णव टक्के खात्री हवी तर दोनशेच्या आसपास रीस्टार्ट लागतील, तेही फिक्सनंतर. त्यापेक्षा मुद्दाम छळा ना त्याला, एका नोडला हाताने उशीर करा, उलट्या क्रमाने चालू करा, मधली केबल काढून बूट करा आणि मिनिटभराने लावा, सगळ्यांची पॉवर एकदम घालवून एकदम आणा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रकारातच तोंड दाखवतो.