मावशीची दोन सिटिंग आणि फॉरवर्डमधलं एआय

मावशीला डोक्या-मानेचा कर्करोग आहे, त्यासाठी रेडिएशनची ३५ सिटिंग ठरली आहेत. आठवड्याला ५, म्हणजे ७ आठवडे. मंगळवारी बारावं झालं आणि बुधवारी ती गेलीच नाही. गुरुवारीही नाही. 'जरा अशक्तपणा वाटतोय' एवढंच सगळ्यांना सांगत होती. शुक्रवारी सकाळी मी फोनवर खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, तो एआय की काय तो आम्हा पेशंटांवर शिकतोय म्हणे. तुला माहीत असणारच. मग मला का नाही सांगितलंस?"

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. लिनॅक, म्हणजे रेडिएशनचं मशिन, रोज सकाळी तपासणं आणि रुग्णांचे प्लॅन तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरी मावशीने मला विचारण्याआधी मामांच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवला, याचा राग आधी फॉरवर्डवर काढते.

तर मजकूर असा. एक: कॅन्सरचं रेडिएशन आता डॉक्टर देत नाहीत, एआय स्वतः डोस ठरवतं आणि रुग्णांवर शिकत जातं, १९८६ मध्ये अमेरिकेत 'अशाच एआय मशिनने' सहा जणांना जाळलं होतं, पण बातमी दाबली गेली. दोन: एआयवाल्या सीटी स्कॅनमध्ये दहापट रेडिएशन असतं, कारण 'कॉम्प्युटरला स्पष्ट फोटो लागतो'. तीन: नोबेल विजेत्या शास्त्रज्ञानेच सांगितलंय की रेडिओलॉजिस्टची (स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांची) गरज संपली, तेव्हा रिपोर्टचा फोटो काढा आणि चॅटबॉटला विचारा. चार: रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगातून सहा महिने किरणं निघतात, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. शेवटी, 'ही सर्व माहिती एआयकडून तपासून घेतलेली आहे.'

पहिल्या मुद्द्यात एआय खुनी आहे, तिसऱ्यात डॉक्टरपेक्षा शहाणं आहे आणि शेवटी साक्षीदारही तेच. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर एकदा सलग वाचला असता तरी बरं झालं असतं.

मावशीची दोन सिटिंग पहिल्या मुद्द्याने खाल्ली, म्हणून तिथेच जास्त थांबते.

प्लॅन कसा होतो ते आधी. डोकं हलू नये म्हणून रुग्णाचा मास्क बनतो, तो लावून सीटी होतो. त्या सीटीच्या प्रत्येक काप-चित्रावर अवयवांच्या कडा काढायच्या असतात: मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा, डोळे. याला आम्ही काँटूर काढणं म्हणतो. पूर्वी डोक्या-मानेच्या एका रुग्णाचे काँटूर हाताने काढताना तासन्‌तास जायचे. आता हे काम एआय काही मिनिटांत करून देतं. एआयचा आमच्याकडचा मोठा वापर म्हणाल तर हा. त्या कडा डॉक्टर तपासतात आणि चुकलेल्या पुसून पुन्हा काढतात. गाठ कुठवर धरायची आणि तिला किती ग्रे (हे डोसचं एकक) डोस द्यायचा, हे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे रेडिएशनचे डॉक्टर, लिहून देतात. मग प्लॅन बनतो, त्यात हल्ली कधीकधी एआयची मदत असते. डॉक्टर त्यावर सही करतात. फिजिसिस्ट दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने तोच डोस काढून ताडून पाहतो. अवघड प्लॅन असेल तर रुग्णाऐवजी आधी फँटमवर, म्हणजे शरीराच्या जागी ठेवलेल्या नमुन्यावर, तो चालवून मोजतात. आणि प्रत्यक्ष सिटिंगला मशिनच्या डोक्यात दोन वेगवेगळे आयन चेंबर (किरणं मोजणारी उपकरणं) बाहेर पडणारा डोस मोजत असतात. ठरलेला आकडा आला की बीम बंद, एक चुकला तर दुसरा आहेच.

राहिलं 'रुग्णांवर शिकतं'. उपचारात वापरतात ती मॉडेल्स साधारणपणे गोठवलेली असतात. मंगळवारी मावशीवरून काही शिकून बुधवारी तिचा डोस वाढवला, असं घडत नाही. नवी आवृत्ती आली की ती पुन्हा तपासूनच लावायची असते.

थोडं मान्य करायचं तर ऑनलाइन अडॅप्टिव्ह नावाची एक पद्धत आली आहे. त्यात रुग्ण टेबलावर झोपलेला असतानाच त्या दिवशीच्या चित्रावरून प्लॅन बदलता येतो, आणि कडा बऱ्याचदा एआयच काढतं. तिथेही माणूस पाहून मंजुरी देतो, पण हाताशी मिनिटं थोडी असतात आणि घाईत पाहिलेलं कितपत पाहिलेलं असतं हा प्रश्न आम्ही आपसातही विचारतो. फॉरवर्डवाल्याने हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

आता ते १९८६. हे मात्र खरं आहे, आणि इतकं खरं आहे की ते असं वापरलेलं पाहून मला जास्त चीड आली. मशिनचं नाव थेराक-२५. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याचे सहा अपघात झाले. काही रुग्ण दगावले. 'बातमी दाबली' म्हणणाऱ्यांसाठी: नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी याचा सविस्तर तपास १९९३ मध्ये छापला, आणि जगभर सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांना तो शिकवतात. इतकी उघडी बातमी शोधून सापडायची नाही.

त्यात एआय नव्हतं. साधा हाताने लिहिलेला प्रोग्राम होता, हल्लीच्या घड्याळातही त्याहून मोठा असेल. टेक्सासमधल्या टायलर गावी मार्च १९८६ मध्ये ऑपरेटर बाईंनी चुकून एक्स-रेचं 'एक्स' दाबलं, हवं होतं इलेक्ट्रॉनचं 'ई'. त्यांनी कर्सर वर नेऊन चूक पटकन सुधारली. हात सरावलेला, सगळं काही सेकंदांत. पण तेवढ्या वेळात मशिनच्या आतल्या चुंबकांची जुळवाजुळव चालू होती आणि प्रोग्रामने ती दुरुस्ती नीट वाचलीच नाही. पडद्यावर उमटलं: 'मालफंक्शन ५४'. पुस्तिकेत या आकड्याचा धड अर्थ दिलेला नव्हता. डोस फारच कमी गेला असं पडदा दाखवत होता. असल्या सूचना रोजच्याच, म्हणून बाईंनी 'पुढे चालू'चं बटण दाबलं. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा आणि ध्वनियंत्रणा दोन्ही बंद होतं. आत रुग्णाला १८० रॅड (डोसचं जुनं एकक) द्यायचे होते, मिळाले अंदाजे १६,५०० ते २५,०००. तो उठायला धडपडत असतानाच दुसरा झटका बसला. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीचे लोक आले, तपासलं, म्हणाले की जास्त डोस जाणं शक्यच नाही. मशिन पुन्हा सुरू झालं. चार दिवसांनी त्याच खोलीत पुन्हा 'मालफंक्शन ५४'. मग तिथला फिजिसिस्ट आणि त्याच ऑपरेटर बाई मशिनसमोर बसले आणि तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबत राहिले, ती चूक हुकमी घडवून दाखवता येईपर्यंत. माझ्या पेशात कोणाला दैवत मानायचं तर मी या दोघांना मानते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. याच्या आधीच्या थेराक-२० मध्येही असाच दोष होता. पण तिथे सॉफ्टवेअरवर विसंबून न राहणारी यांत्रिक कुलपं होती. चुकीची जुळणी झाली की फ्यूज उडायचा आणि मशिन बंद पडायचं. लोक वैतागायचे, मरायचे नाहीत. थेराक-२५ मध्ये ती कुलपं काढून टाकली, प्रोग्राम आहे ना म्हणून. अपघातांनंतर सॉफ्टवेअरवर न विसंबणारी कुलपं पुन्हा बसवावी लागली. तेव्हा मावशी, तुला कोणाला काही विचारायचंच असेल तर 'एआय आहे का' हे विचारू नकोस. 'यानंतर कोण तपासतं' हे विचार.

उलट न जाण्याने काय होतं तेही सांगते. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार लांबला की उरलेल्या पेशी भराभर वाढायला लागतात. लांबलेल्या दर दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ टक्क्याने किंवा त्याहून थोडी जास्त घटते. एआयच्या ज्या धोक्याला घाबरून मावशी घरी बसली तो कल्पनेतला होता, हा मोजलेला आहे. मामा, तुम्ही 'सावधगिरी म्हणून' पाठवलंत ना?

दुसरा मुद्दा पटकन. सॉफ्टवेअरमधून किरणं निघत नाहीत. ती एक्स-रे ट्यूबमधून निघतात आणि किती निघायची ते ट्यूबच्या सेटिंगवर ठरतं. कमी डोस दिला की चित्र खरखरीत येतं. एआयवर चालणारं रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे मोजणीतून चित्र घडवण्याची पद्धत, ती खरखर काढतं, म्हणून कमी डोसमध्ये काम भागतं. म्हणजे फॉरवर्ड बरोबर उलटा आहे. अंदाज हवा असेल तर, निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं एकक) मिळतात, छातीच्या एक्स-रेचा डोस ०.१ किंवा त्याहून कमी, पोटाच्या सीटीचा ८-१० च्या आसपास. सीटी उगाच काढू नये हे खरंच, पण ते एआय नव्हतं तेव्हाही खरं होतं. खरखर काढण्याचा अतिरेक केला तर एखादी पुसट बारीक गाठही धुतली जाऊ शकते, ही काळजी रास्त आहे. फॉरवर्डात अर्थातच ती नाही.

तिसरा मुद्दा. ते शास्त्रज्ञ म्हणजे जेफ्री हिंटन. २०१६ मध्ये ते म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत एआय त्यांच्या पुढे जाईल. पाच वर्षं २०२१ मध्ये संपली, रेडिओलॉजिस्ट अजून कामाच्या ढिगाखाली आहेत. नोबेल त्यांना २०२४ मध्ये मिळालं, भौतिकशास्त्राचं, आजच्या एआयमागच्या न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी. भविष्य सांगितल्याबद्दल नोबेल नसतं. पुढे त्यांनीच मान्य केलं की आपण फार सरसकट बोललो.

एआय निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर (स्तनांच्या एक्स-रेवर) मासाई नावाची मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले. एआयची मदत घेतलेल्या गटात दर हजारी ६.१ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत ५.१, आणि डॉक्टरांचं चित्रं वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. चांगलंच आहे. पण तिथेही निर्णय डॉक्टरांचाच होता. दोघांनी वाचायचं की एकाने, हे एआयने सुचवलं.

याची दुसरी बाजू मला जास्त छळते. २०२३ मध्येच एका प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम दाखवले, सोबत 'एआयचं मत' म्हणून मुद्दाम काही चुकीची उत्तरं पेरली. नवख्यांची अचूकता ८० टक्क्यांवरून २० वर आली. मुरलेल्यांचीही ८२ वरून ४५ वर. आयुष्यभर हेच केलेल्या माणसांची ही गत, आणि आपण फोनवरून चॅटबॉटला विचारणार! तेही सीटीच्या फिल्मचा तिरका फोटो पाठवून. एका सीटीत शेकडो काप असतात, राखाडी रंगाच्या हजारो छटा असतात, डॉक्टर फुफ्फुसासाठी वेगळ्या आणि हाडासाठी वेगळ्या विंडोत, म्हणजे छटांच्या वेगळ्या सेटिंगमध्ये, ते पाहतात. फोनच्या फोटोत त्यातलं काय उरतं? वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. रिपोर्टमधला एखादा अवघड शब्द समजून घ्यायला विचारा खुशाल, निदानाला नको.

चौथा मुद्दा वाचायला सगळ्यात किरकोळ आणि घरात सगळ्यात जास्त लागलेला. मावशीने आठवडाभर नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं. तो दारातून 'आजी' म्हणून हाका मारायचा आणि ती आतून हात हलवायची.

बाहेरून मशिनने दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सर्गी होत नाही. दिवा मालवला की भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसंच. यातला अर्धा खरा भाग असा: थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पोटात देतात, त्याचं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे तेवढ्यात त्याचा जोर निम्म्यावर येतो. त्या रुग्णांना काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायला सांगतात. शरीरात कायमचे बारीक किरणोत्सर्गी दाणे बसवलेल्यांनाही काही पथ्यं असतात. ती विभागातून लेखी मिळतात. मावशीच्या उपचारात यातलं काहीच नाही. कुठल्या तरी रुग्णाचा कागद उचलून सगळ्यांच्या गळ्यात बांधलाय.

शुक्रवारी दुपारी तिला मीच घेऊन गेले. बुडालेली दोन सिटिंग भरून काढायची म्हणजे दोन वेगळ्या दिवशी दोन-दोन घ्यायची, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. ती काही बोलली नाही. मास्क लावण्याआधी मात्र तिने तिथल्या फिजिसिस्टला थेट विचारलं, "माझ्या प्लॅनमध्ये एआय होता का हो?"

"होता की. कडा त्यानेच काढल्या होत्या. उजवी लाळग्रंथी त्याने जरा आत घेतली होती, ती डॉक्टरांनी पुन्हा काढली."

"आणि तुम्ही काय केलंत?"

त्याने तिला फँटमवर मोजलेल्या डोसचा कागद दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नसणार. तिने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, सही कोणाची आहे ते विचारलं आणि मग टेबलावर जाऊन झोपली.